बदमाशाला दिलेलं नाव

"हॅलो?… हॅलो! जामखेड का?… रंगनाथशेठ किराणावाले?… हां. शेठ, मी सूर्यभान बोलतोय. सूर्यभान… अहो टॉकीजचा! तंबूच्या टॉकीजचा पुकारा करायचो त्यो… हां, त्योच. हाय, अजून जिता हाय… शेठ, शेजारच्या मुबारकबीला जरा हाक मारता का?… आसिफला नगं. न्हाई, त्याला नगं. मुबारकबीलाच… व्हय, धरतो. धरलाय."

श्रीरामपूरच्या पलीकडच्या एका गावची यात्रा. मैदानाच्या कडेला एसटीडीचं पिवळं खोकं, खोक्यात काचेचा कप्पा, आणि कप्प्यात सूर्यभान. पन्नाशीचा गडी, गळ्यात मफलर. आवाज असा की कुजबुजला तरी बाहेर टेबलाशी बसलेल्या दीपाला शब्द न् शब्द कळावा. बूथ दीपाचा. वीस वर्षं सूर्यभाननं हा आवाज टूरिंग टॉकीजला विकला. दुपारी जीपवर कर्णा बांधून गावोगाव पुकारा करायचा आणि अंधार पडला की तंबूत पडद्याच्या कडेला माईक धरून गोष्ट सांगायची. मग घरोघर केबल आली, तंबू बसले, आणि त्या आवाजाला कुत्रं विचारीना. अठ्ठ्याण्णव सालच्या या यात्रेत तंबूत खेळ लावणाऱ्या प्रशांतशेठनं त्याच्या हातात पुन्हा माईक दिला. पहिल्या दिवशी त्यानं माईकला कपाळ टेकवलं होतं. आज पाचवा दिवस, आणि खेळाची वेळ होत आली तरी तो माईककडं न जाता इथं फोनाशी उभा होता.

"हॅलो… भाभी? सलाम भाभी. मी सूर्यभान… बरा हाय. तुमी?… तमन्नाची परीक्षा झाली का?… हां… हां… न्हाई, सहजच केला. इथं यात्रेत एसटीडी झालाय नवा, म्हनलं बघावं लागतो का… न्हाई वो, घसा बसलाय जरा… भाभी, आसिफ पोचला का?… काल रातीच? बरं झालं… जेवला?… न्हाई?… आनि आज?… नुसता च्या. भिताडाकडं तोंड करून… हूं… बोलला काय?… कायबी न्हाई?… माझं नाव?… नाव बी न्हाई घेतलं."

पोचला, एवढं तरी बरं झालं. पण भिंतीकडं तोंड करून निजलेला माणूस पोचूनही पोचलेला नसतो, हे सूर्यभानला कळत होतं. त्यानं मफलर सैल केला.

"काय झालं म्हंजे?… झालं काय न्हाई… आता यात्रा म्हनल्यावर धक्काबुक्की हुतीच… चष्मा? हां, काळा चष्मा. तो माझ्याकडं हाय. एक काच राहिलीय… सांगतो की. अहो सांगतोय! … भाभी, ऐका ना आधी… ऐका तरी… तो पिस्तुलाचा खेळ हाय ना, त्यापायी झालं… न्हाई, न्हाई! खरं पिस्तूल न्हवं! प्लास्टिकचं. निळं. अहो, पेटी हाय एक, कपाटायवढी. तिच्यात टीव्ही. इंग्रजी पिक्चर व्हता म्हने, बँकेवर दरोडा घालत्यात असा, त्याच्यावरनं हा खेळ काढलाय. वायरला बांधलेलं पिस्तूल हातात धरायचं. हात हलवला का पडद्यावर लाल फुली हलती. हात डावीकडं, तर फुली डावीकडं. चाप वढला का समोरचा मानूस पडतो… पडतो म्हंजे मरतोच की. रगात उडतं. पिस्तूल खाली झटकलं का पुन्हा गोळ्या भरल्या… व्हय, त्यालाच खेळ म्हनत्यात… बरोबर हाय, भाभी. थुकावं असंच हाय."

आणि खेळणारी पोरंसोरं असती तर एकवार समजलं असतं. पोरांना तंबूत उभंच राहू देत नव्हते. खेळत होती गावातली शहाणीसुरती माणसं, लग्नात ज्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतात ती. शाळेचा एक मास्तर होता. एरवी कोंबडी कापताना तोंड फिरवणारा. हातात पिस्तूल आलं की त्याची जीभ ओठाबाहेर यायची, मनगट आपोआप फिरायचं, आणि घामानं सदरा पाठीला चिकटायचा. पडद्यावर बँकेतली माणसं हात वर करून उभी राहायची, बाया, म्हातारे. त्यांना मारलं की पेटी गुण कापायची. तरी मारायचे! "गुण गेले तर जाऊ द्या, ती बाई पडती कशी बघा!" असं म्हणून एकमेकांना टाळी द्यायचे, आणि त्याच हातानं बाहेर जाऊन देवाला नारळ फोडायचे.

"माझं काम?… बोलायचं. ते इंग्रजीत बडबडतं, लोकास्नी कळंना. प्रशांतशेठ म्हनला, सूर्यभान, टॉकीजवानी सांग. मी सांगाया लागलो. आता भाभी, माझी खोड तर तुमाला ठावं. पडद्यावर बदमाश आला का मी काय म्हनायचो?… बोला की… व्हय. 'आला बघा आसिफ!'… तुमी बी हसायचा की, बायांच्या बाजूला बसून… आनि तो मागं पिक्चरच्या मशीनपशी काय करायचा?… भिंगाम्होरं दोनदा पंजा धरायचा. व्हय! पडदा दोनदा काळा, दोनदा पांढरा. म्हंजे 'ऐकलं रं सूर्या'… पब्लिक काय हसायचं… हां… ते दिस न्हाईत आता, भाभी."

तंबूचा प्रत्येक पुकारेवाला असंच करायचा. बदमाशाला कुणातरी आपल्या माणसाचं नाव द्यायचं. ज्याच्यावर जीव, त्याचंच. परक्याचं नाव घेऊन बघा, डोकं फुटेल. सूर्यभाननं वीस वर्षांत शंभर खून, दोनशे दरोडे आणि अगणित बायकांची अब्रू आसिफच्या नावावर टाकली होती, आणि रात्री दोघं एकाच सतरंजीवर झोपले होते.

"तर ऐका… पहिल्याच दिशी दरोडेखोरांचा म्होरक्या आला पडद्यावर. डाव्या डोळ्याला काळी पट्टी… भाभी, तोंडातनं गेलं. सवयीनं गेलं वो! म्या म्हनलं, 'आला बघा, एकडोळ्या आसिफ!'…"

"…हॅलो?… भाभी?… हायसा का?"

"…व्हय. एकडोळ्या म्हनलो… न्हाई, तवा कधी न्हाई म्हनलो. तवा दोन्ही डोळं हुतं त्याचं… मला ठावं हाय त्याचा डोळा कुनापायी गेला. मला नका सांगू, भाभी. रीळ अडकलं हुतं, लोक शिट्ट्या मारीत हुती, आनि म्याच माईकवर वरडलो, 'आसिफ, बत्ती!' त्यानं घाईत उघड्या डोळ्यानं मशीनच्या पेटत्या कार्बनपशी तोंड नेलं, आनि ठिनगी… विसरलो न्हाई. त्याच डोळ्यावरनं इनोद केला म्या. आता बोला."

काचेच्या कप्प्यात मीटरचे लाल आकडे धावत होते. बाहेर दिवेलागण झाली होती. मैदानावरचे बल्ब एकेक करून पिवळे होत होते.

"मग काय… लोकांनी धरलं. 'एकडोळ्याला हाण, आसिफ्याला हाण!' तंबू दनानला. मला वाटलं, जुनं दिस आलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. तवा बी लोक वरडायची की. पन तवा लोकांच्या हातात शेंगा हुत्या, भाभी. आता हातात पिस्तूल हाय… तिसऱ्या दिशी शेठनं तंबूवर रंगानं लिवून घेतलं, 'एकडोळ्या आसिफला मारा.' हातभर अक्षर… न्हाई, मी न्हाई लिवलं… पुसलं बी न्हाई… न्हाई, पुसलं न्हाई. त्या बोर्डाखाली बसून च्या प्यालो."

"…काल दुपारी आला तो. मला भेटाया. त्याला कुनी सांगितलं, सूर्याला पुन्यांदा माईक मिळाला… हां, तुमाला सांगून निघाला ना? तीन एसट्या बदलून आला, भाभी! हातात तुमचा डबा… न्हाई. तसाच हाय. उघडला न्हाई. उघडवत न्हाई… बोर्ड? वाचला की. हसला! मला मिठी मारली आनि म्हनला, 'सूर्या, तू काय सुधरला न्हाई.' मी म्हनलं, जरा मागं उभा ऱ्हा, खेळ बघ… आतच उभा केला म्या त्याला. म्याच."

काचेपलीकडं दीपा वही मिटून त्याच्याकडं बघत होती. तिनं मान खाली घातली नाही. त्यानंही पाठ फिरवली नाही.

"आला म्होरक्या पडद्यावर. म्या म्हनलं, 'आला बघा आसिफ!' आनि पडद्यावर सावली पडली. एकदा… दोनदा… व्हय, भाभी. त्यानंच. मागं टांगलेल्या बल्बाम्होरं पंजा धरला त्यानं. आठ वर्सांनी मला जबाब दिला!… त्याला काय ठावं? त्याला वाटलं तंबू हाय, आपलीच मानसं हायेत. लोकांनी माना वळवल्या. कुनीतरी म्हनलं, 'आरं, ह्योच की त्यो!' चष्मा वढला. डोळा दिसला सगळ्यास्नी… … रडू नका… भाभी, रडू नका, न्हाईतर मला सांगवायचं न्हाई… वढत नेला त्याला पेटीपुढं. हात वर करायला लावलं. त्यानं केलं वो! हसतच हुता अजून. त्याला वाटलं, ह्यो बी खेळच. मग मास्तरनं वायर तानून पिस्तूल छातीला लावलं आनि चाप वढला. पेटीतनं आवाज आला, टॅव. हसली लोकं. दुसऱ्यानं लावलं, तिसऱ्यानं लावलं. एकानं चांगल्या डोळ्याला नळी लावली आनि म्हनला, 'ह्यो बी फोडा, म्हंजे जोडी हुईल.' तवा त्याचं हसू गेलं… न्हाई. मारहान न्हाई. रगात न्हाई. कुनी म्हनंल, काय झालं त्याला, प्लास्टिकचं तर हुतं. व्हय, प्लास्टिकचं हुतं! पन मानसं तर खरी हुती ना…"

"…मी?"

हा एक प्रश्न येणार हे सूर्यभानला नंबर फिरवतानाच ठाऊक होतं. प्रश्न टाळायलाच तो पोरीची परीक्षा विचारत बसला होता. माणूस दुसऱ्याची घाण तासभर सांगेल, नाक धरून, रंगवून सांगेल. स्वतःची आली की त्याला खोकला येतो. सूर्यभानलाही आला.

"मी… बोलत हुतो… माईकवर… न्हाई, 'सोडा त्याला' न्हाई म्हनलो… काय बोलत हुतो? 'घावला रं घावला, एकडोळ्या घावला, आता न्हाई सुटत…' तेच. रोजचं… डोळ्याला दिसत हुतं, भाभी. कानाला ऐकू येत हुतं. तोंड थांबलं न्हाई. गिऱ्हाईक खूश दिसलं का तोंड आपसूक चालतं माझं. वीस वर्सं तेच केलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आनि मी त्याच्याकडं बघत बोलतच राह्यलो… द्या. द्या शिव्या. मोठ्यानं द्या… हां… खरं हाय… त्या बी द्या…"

मुबारकबी काय बोलली ते दीपाला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की सूर्यभाननं रिसीव्हर कानापासून जरासाही दूर धरला नाही. औषध घ्यावं तसं त्यानं सगळं घेतलं.

"…शेठ? त्याला काय. त्याची पेटी. रातच्याला मला म्हनतो, तुझ्या त्या दोस्ताला रोज बोलाव, पैसं देऊ, हात वर करून पडद्याम्होरं उभा ऱ्हाईल, काय करायचंय त्याला दुसरं. असं म्हनला आनि जिलबी खात हुता. पाक गळत हुता हनवटीवरनं. मला वकारी आली, भाभी. त्याच्यावर न्हाई. त्याच्या हातातली अर्धी जिलबी त्यानं मला दिली, आनि म्या घेतली… व्हय. घेतली. मग तंबूमागं जाऊन वकलो."

"…आज? हाय की खेळ. आता चालू हुईल. म्हनून तर फोन लावलाय. मला त्याच्याशी बोलायचंय. आधी नगं म्हनलो, कारन भ्यालो… एकदाच. एक शब्द बोलला तर बास. बत्तीस वर्सांत दोनदा भांडलो आमी, ठावं हाय ना? दोन्ही बारीला तोच आधी बोलला. आनि बोलला तरी काय, 'सूर्या, कर्ण्याचं तोंड वाऱ्याकडं ठिवू नगं, आवाज फाटतो.' बास, मिटलं. पन ही तिसरी बारी येगळी हाय. आज न्हाई बोलला, तर मग न्हाईच… आनता?… उठवा. माझं नाव सांगूनच आना. फसवून नगं… धरतो."

काचेवर टकटक झाली. प्रशांतशेठ. मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता.

"आलो, शेठ!… म्हनलं ना, आलो!"

शेठ गेला. मैदानावर पेटी चालू झाली. टॅव, टॅव, आणि मागून इंग्रजी किंकाळी. चार दिवसांत ती किंकाळी गावाला पाठ झाली होती. जिलबीवाला कढईत झारा फिरवताना तिची नक्कल करायचा.

"हॅलो?… आसिफ?… आलास का?… आलायस. तुझा दम ऐकू येतोय. रंगनाथशेठच्या पोत्यांपशी उभा हायस… बोल की… आसिफ… शिवी दे. थुक फोनवर… बरं, नगं बोलूस. ऐक नुसतं… चष्मा हाय माझ्याकडं. काच बसवून आनतो… न्हाई, ते जाऊ दे. चष्म्याचं काय घिऊन बसलोय मी येड्यावानी… आसिफ, आता म्हनीन का पुन्यांदा तुझं नाव न्हाई घेनार, तर त्यानं काय हुतंय? लोकांच्या तोंडात बसलंय. बोर्डावर हाय. नाव उपटून काढता येत न्हाई रं. त्याच्या जागी दुसरं घालावं लागतं…"

"…हायस का?… हां. हायस… फोन ठिवू नगंस. एवढं कर. माफी बिफी तोंडानं न्हाई मागत तुझी. ह्या तोंडाचा मलाच भरवसा न्हाई. पन तू ठिवू नगंस. कानाला धर, आनि ऐक… दीपाताई! ओ ताई! हा असाच राहू द्या. मीटर चालू द्या. कर्ण्याकडं तोंड करून धरा जरा. मी येतो न्हाईतर न्हाई येत, तुमी धरा."

आणि तो गेला. टेबलावर त्यानं डबा ठेवला, त्यावर एका काचेचा चष्मा. दीपाचे पाय पोलिओनं गेलेले. तिला उठून जाता येत नव्हतं, पण तिचा हात लांब पुरत होता. तिनं कप्प्यातून रिसीव्हर ओढून घेतला, खिडकीची काच सरकवली आणि तो बाहेर, मैदानाकडं धरला.

कर्णा खरखरला.

"ऐका हो ऐका! पडद्यावर बदमाश आलाय. डाव्या डोळ्याला पट्टी. चार दिवस म्या तुमाला त्याचं नाव खोटं सांगितलं. त्याचं खरं नाव सूर्यभान! बापाचं नाव भिमाजी. धंदा, तोंड विकायचा. ज्यानं उभी हयात ह्याच्या पडद्यावर उजेड पाडला, त्याच्या छातीला तुमी पिस्तूल लावलं, तवा ह्यो हरामखोर माईकवर बोलतच हुता! बाकी कुनी एकडोळ्या न्हाई, कुनी आसिफ न्हाई. मास्तर, पिस्तूल घ्या. कालच्यावानी वायर ताना. म्या हुबा हाय पेटीपुढं, हात वर करून. लावा छातीला. ह्या डोळ्याला लावा. लावा की! काल हात कापला न्हाई, आज का कापतोय?"

जिलबीवाल्याचा झारा थांबला. दीपाला वाटलं, आता लाजतील. माणसं आहेत, लाजतील.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. "सूर्यभानला हाण!" असा एक आवाज आला, मग दहा, मग अख्खा तंबू. टॅव. टॅव. टॅव. लोकांना काय! त्यांना नाव कुणाचंही चालतं, समोर हात वर केलेला माणूस असला म्हणजे झालं. कर्ण्यातून शेठचा आवाज आला, "माईक दे इकडं, माईक दे!" झटापट झाली, शिट्टी वाजावी तसा कर्णा किंचाळला, आणि त्यातूनही तो बसका, फाटका आवाज वर येत राहिला, "सूर्यभान! नाव सूर्यभान! ध्यानात ठिवा!"

दीपानं रिसीव्हर आत घेतला. कानाला लावला.

"हॅलो?… हो, आहे, लाईन आहे. मी दीपा, बूथवाली… ऐकलंत ना तुम्ही?… हो, तेच होते ते… हॅलो?… कोण, आसिफभाई बोलताय?… जरा मोठ्यानं बोला, इथं फार गोंगाट आहे… काय?… कर्ण्याचं?… वाऱ्याकडं… ठेवू नको… आवाज फाटतोय… बरं. बरं, सांगते… एवढंच सांगू?… हॅलो?…"